मतदार यादीबाहेरचा रस्ता

३ जानेवारी

सकाळी शटर उघडायच्या आधी दुकानासमोरचा रस्ता मोजला. टेपचं एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं मी. शेजारच्या गवंड्याकडून लांब टेप मागून आणली होती. साडेसहाला रस्ता मोकळा असतो. आठनंतर टेप जमिनीला टेकवायलाही जागा मिळत नाही.

आमच्या टेंभुर्णी गावच्या मुख्य रस्त्याचं सुशोभीकरण व्हावं, असं बोलणं पुन्हा सुरू झालंय. मधे दुभाजक, दुभाजकात दिव्याचे खांब, दोन्ही कडांना पेव्हर ब्लॉक, चौकात कारंजं. झेरॉक्सला येणारा प्रत्येक जण त्यात आपली भर घालून जातो. रस्ता सुधारावा असं मलाही फार दिवसांपासून वाटतं. पण असं बोलणारे बहुतेक जण गाडीवरून उतरून बोलतात आणि गाडीवर बसून निघून जातात.

टेप धरल्यावर जे दिसलं ते लिहून ठेवते. दुकानाच्या भिंतीपासून निघालं की आधी पायरी. मग गटार, त्यावर शहाबादी फरशी, मधली एखादी फुटलेली. गटारापुढं शेडचे लोखंडी पाइप आणि शेडखाली मांडलेला माल. त्यापुढं उभ्या मोटारसायकली, मग हातगाडे, हातगाड्यापुढं गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागून, डांबरावरून, ज्याला नुसतं चालत पुढं जायचंय तो माणूस.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. चालायला निदान १.८ मीटर रुंदीची, मधे काहीही आडवं न येणारी पट्टी हवी असं ती सांगते. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात एवढी. फुटपाथची उंचीही १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उंच केला की म्हातारी माणसं त्यावर चढतच नाहीत, खालूनच चालतात. १.८ मीटर म्हणजे जेमतेम सहा फूट. आमच्यासमोर भिंत आणि डांबर यांच्यात तेवढी जागा भरते. फक्त दहा पावलं सलग कुठं चालता येत नाही.

५ जानेवारी

हा रस्ता गावासाठी केलेलाच नव्हता. पुणे-सोलापूर-हैदराबाद असा तो राष्ट्रीय महामार्ग, नंबर ९; पुढं नंबर बदलून ६५ झाला. तो थेट आंध्रात मच्छलीपट्टणमपर्यंत जातो. टेंभुर्णी त्याच्या कडेनं वाढली. ट्रक थांबायचे म्हणून ढाबे, पंक्चरची दुकानं, गॅरेज. करमाळ्याकडून, कुर्डुवाडी-बार्शीकडून, अकलूजकडून, पंढरपुराकडून येणारे रस्ते इथं मिळतात म्हणून एसटी स्टँड आणि स्टँडच्या आजूबाजूला बाजार. चौपदरी महामार्ग झाला आणि लांब पल्ल्याची वाहतूक बाहेरून निघून गेली. आतला जुना महामार्ग आता आलेल्या माणसाचा रस्ता आहे. इथं लोक उतरतात, खत-बियाणं घेतात, दवाखाना करतात, बँकेत जातात, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधतात.

तरी सुधारणा म्हटलं की पहिली गोष्ट सुचते ती रुंदीकरणच. जिथं लोक पोचण्यासाठी येतात तिथं गाड्या जोरात निघून जाव्यात म्हणून रस्ता रुंद करायचा, हे मला पटत नाही. रुंद केलेल्या जागेत महिनाभरात गाड्या उभ्या राहतात, हे प्रत्येक तालुक्याच्या गावात दिसतं.

७ जानेवारी

साखर कारखान्यांचा हंगाम जोरात आहे. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. भीमेचं पाणी अडलं आणि आमच्या आसपास ज्वारीच्या रानात ऊस आला. त्या उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. दिवसरात्र.

चौकाच्या कोपऱ्यावर एक मावशी भाजी घेऊन बसतात. गारअकोल्याच्या बाजूच्या. आज त्यांच्याकडून मेथी घेताना त्यांच्या पाट्यांपुढं एक दगड दिसला, चुना लावलेला, डांबराला टेकून पक्का ठेवलेला. विचारलं, हा कशाला?

"पुढची ट्रॉली लांबनं जाती ताई. मागची आत येती. दगडाच्या पल्याड पाटी ठिवली की गेलीच."

मी तासभर दुकानाच्या दारातून बघत राहिले. खरंच, ट्रॅक्टरची चाकोरी एक, पहिल्या ट्रॉलीची जरा आत, दुसरीची आणखी आत. दगडापासून वीतभर अंतरावरून दुसऱ्या ट्रॉलीचं चाक जातं, हंगामभर. एखादी मोळी सैल असली की तिथंच दोन टिपरी पडतात आणि शाळेची पोरं चालत्या गाडीमागं धावतात. त्या पोरांकडं बघून जीव वरखाली होतो.

रस्ता आखणाऱ्यांना हाच प्रश्न नकाशावर सोडवावा लागतो. कोपरा मोठा, गोल केला तर ट्रॉली सुखानं वळते. पण मग मोटारसायकलीही वेग न आवरता वळतात आणि पायी माणसाला ओलांडायचं अंतर वाढतं. कोपरा आखूड ठेवला तर गाड्या सावकाश वळतात, माणूस चार पावलांत पलीकडं जातो, पण उसाची ट्रॉली फुटपाथवर चढते. हंगामात ट्रॉल्या बाजारातून आणायच्याच नाहीत, असं ठरलं तर कोपरा आखूड करता येतो. म्हणजे आधी ऊस कुठून जाणार ते ठरवायचं, मग फरशीचा रंग. मावशींनी ही मोजणी करून दगड मांडून ठेवलाय. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

१० जानेवारी

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली. १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा काढून वाचला; दुकानात लोकांचे अर्ज लिहिताना तो लागतोच. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. आमच्यासारख्या मोठ्या गावात म्हणजे १०० च. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब करून पुन्हा घेता येते, त्या वेळी गणपूर्तीची अट नाही. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. नगरपालिकेच्या गावात आणखी एक दार असतं: विकास आराखडा तयार झाला की १९६६ च्या नगररचना कायद्यानं तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांची सुनावणी होते. अकलूज २०२१ मध्ये नगरपरिषद झालं. ग्रामपंचायतीच्या गावात मात्र लोकांनी बोलायची मुख्य जागा ग्रामसभाच.

आणि ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदार यादीतली माणसं. इथंच माझं मन अडतं.

आज दुकानात कोण कोण आलं ते आठवून बघितलं. कंदरचा एक शेतकरी सातबाऱ्याच्या प्रती काढायला. भीमानगरची मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी. एमआयडीसीतला कामगार, गाव बीडकडलं, इथं खोली घेऊन राहतो. शिराळचा वडापवाला परवान्याची झेरॉक्स काढायला. आमच्या मतदार यादीत यांतला एकही नाही. आमच्या तालुक्यात निमगाव (टें), शिराळ (टें), सापटणे (टें), उजनी (टें), टाकळी (टें) अशी गावं आहेत. सरकारी दप्तरात त्यांच्या नावामागं आमच्या गावाचं अक्षर लागलेलं आहे. त्यांचा बाजार इथं, दवाखाना इथं, कॉलेज इथं. आमचा मुख्य रस्ता त्यांच्या पायांनी भरतो आणि दुकानदारांचा गल्ला त्यांच्या पैशांनी. रस्ता कसा असावा हे ठरवताना त्यांना उभं राहायला जागा नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. म्हणून त्याला पूरक काही आपणच करायला हवं. विचारायचं असेल तर रस्त्यावरच, बाजाराच्या वेळी विचारायचं.

१२ जानेवारी

मामेसासऱ्यांना घेऊन पंढरपूरला गेले होते. दर्शन झाल्यावर महाद्वाराकडून हळूहळू चालत आलो. त्यांना गर्दी सोसत नाही. दर पन्नास पावलांवर टेकायला ओटा शोधायचा. दुकानदार बसू देतात, कुणी पाणी विचारतात.

मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरचा आराखडा २०२२ मध्ये पुढं आला तेव्हा याच गल्ल्यांतले रहिवासी आणि व्यापारी रस्त्यावर उतरले होते. पिढ्यान् पिढ्यांचं घर आणि दुकान जायचं म्हटल्यावर माणूस गप्प कसा बसेल? २०२५ मध्ये विषय पुन्हा निघाला तेव्हा बाधितांशी बोलायला अधिकारी घरोघर गेले. हे आधी व्हायला हवं होतं. आराखडा कागदावर पक्का दिसायला लागला की नंतरची प्रत्येक सूचना हरकत ठरते, आणि हरकत घेणारा विकासाच्या आड येणारा.

पण पंढरपुरातही दुसरी बाजू तीच. आषाढीला लाखो लोक ज्या गल्ल्यांतून चालतात त्यांतल्या क्वचितच कुणाचं नाव तिथल्या यादीत असेल. मराठवाड्यातून, खानदेशातून, कर्नाटकातून आलेली बाई, डोक्यावर तुळस. तिला कुठं बसावंसं वाटतं, कुठं घुसमटतं, रात्री कुठल्या बोळात भीती वाटते? घर जाणाऱ्याचा शब्द पहिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिचा शब्दही कुठंतरी नोंदवला पाहिजे.

१३ जानेवारी

भोगी. रस्ता सकाळपासून तुडुंब. सुगडी, हरभऱ्याचे डहाळे, बोरं, गाजरं, उसाची कांडकी, तीळ. सुगडीवाल्या बायका गोणपाट अंथरून थेट गटाराच्या फरशीवर बसलेल्या. हळदीकुंकवाला लागणारं वाण घ्यायला खेड्यांतून बायका आल्या होत्या.

दुपारी एक वयस्कर बाई झेरॉक्स काढायला काही नसताना दुकानात आल्या. जरा घुटमळल्या आणि हळूच विचारलं, "बाय, हितं कुठं सोय हाय का?" मी त्यांना मागं घरात नेलं. परत आल्यावर म्हणाल्या की बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, घरी गेल्यावरच पिते. सोबतच्या दोघी म्हणाल्या, आम्हीबी.

मुंबईत २०११ पासून बायकांनी याच मागणीसाठी मोहीम चालवली, राइट टू पी नावानं. मोठ्या शहरात निदान ती मागणी उघड बोलली गेली. बाजारपेठेच्या गावात ती अजून कानात सांगायची गोष्ट आहे. सुशोभीकरणाच्या गप्पांत कारंजं अनेकदा आलं. हे एकदाही आलं नाही, कारण गप्पा मारणाऱ्यांत या तिघी नव्हत्या.

१४ जानेवारी

संक्रांत. दुकान बंद. वाण लुटायला गेले त्या प्रत्येक घरी रस्त्याचाच विषय काढला. जाऊबाई म्हणाल्या, पुरे आता.

१७ जानेवारी

बाजाराचा दिवस. चौकापासून स्टँडपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा ह्यांनी हातानं काढला, तो मोठ्या कागदावर छापून घेतला. दुकानाबाहेर टेबल टाकलं, चार रंगांचे पेन ठेवले. कॉलेजच्या दोन मुली मदतीला. प्रत्येकाला एवढंच सांगायचं: तुम्ही कुठं उतरता आणि कुठं जाता, ती रेघ ओढा. जिथं भीती वाटते तिथं फुली मारा.

"मत सांगा" म्हटलं की लोक अंग चोरतात किंवा भाषण करतात. रेघ मात्र सगळे ओढतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोटानं दाखवलं, मुलींनी ओढली.

संध्याकाळी कागदाकडं बघितलं तर ठरवून सांगितल्यासारखं दिसलं. फुल्यांची सगळ्यात मोठी दाटी चौकात नव्हती. स्टँडमधून एसटी बाहेर पडते आणि समोरच वडाप उभी असतात, त्या तोंडाशी होती. उतरलेली माणसं दोन्हींच्या मधून वाट काढतात. दुसरी दाटी औषध दुकानांच्या रांगेसमोर. तिथं दवाखान्यातून आलेली माणसं रस्ता ओलांडतात. दुभाजक सलग केला तर नेमकी तीच माणसं अडतील. लांब वळसा कुणी घालत नाही. आजारी माणसाला घेऊन दुभाजकावरून उड्या मारतील.

एका शाळकरी मुलीनं सरळ रेघ न ओढता नागमोडी ओढली. असं का, विचारलं. म्हणाली, सावलीतून जाते.

एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो आमच्याकडं. त्या दिवसांत रस्त्याची कुठली कड चालायची ते सूर्य ठरवतो. दुकानांची शेडं गटारापुढं आली ती नुसत्या हावरेपणानं नाही आली. पश्चिमेचं ऊन थेट गल्ल्यावर येतं, माल भाजतो, गिऱ्हाईक थांबत नाही. ती सरसकट तोडली आणि जागी काही दिलं नाही तर फुटपाथ मोकळा होईल आणि दुपारी त्यावर चिटपाखरू दिसणार नाही. म्हणून माझं मत असं झालंय की पहिला खर्च कडुलिंबाच्या झाडांवर करावा, दोन वर्षं त्यांच्या पाण्याची जबाबदारी दुकानवार वाटावी, आणि फरशा नंतर बसवाव्यात.

२० जानेवारी

धाकट्या भावाचा पुण्याहून फोन. तो म्हणतो, जंगली महाराज रस्ता बघून घे, तसं करा. तो रस्ता मी चालले आहे आणि मला आवडतो. रुंद फुटपाथ, बसायला बाक, जुनी झाडं ठेवून केलेली आखणी. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये रस्त्यांच्या आखणीची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं केली, पादचारी धोरणही त्याच वर्षी. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला, तोही चांगला पायंडा. पण जंगली महाराज रस्त्यावर उसाची ट्रॉली येत नाही आणि गोणपाट अंथरून सुगडी विकायला बसलेली बाई तिथल्या बाकांमधे कुठं बसणार, याचं उत्तर मला तिथं सापडत नाही.

त्या बाईसाठी देशात २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्याखाली नेमायच्या समितीत निदान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, त्यांत एक तृतीयांश बायका. पण तो शहरांसाठी. ग्रामपंचायतीच्या गावातल्या विक्रेत्यांना अशी समिती मिळत नाही. मग गावानं आपण होऊन त्यांना बोलवावं, कायद्यानं मनाई थोडीच केली आहे?

भावानं एक चांगली आठवण करून दिली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधे २००९ मध्ये आधी नुसता रंग मारून आणि खुर्च्या टाकून गाड्या बंद केल्या. लोक कसे वागतात ते बघितलं आणि पुढच्या वर्षी ते कायम केलं. आपल्याकडं कबड्डीचं मैदान आखतो ती फक्की आहे. दुभाजक जिथं घालायचा म्हणता तिथं बाजाराच्या दिवशी फक्कीची रेघ मारा, वाळूची पोती ठेवा. फुटपाथ आखा. एक दिवस गावाला आणि आलेल्या गावांना त्यातून चालू द्या. चूक दिसली तर झाडून टाकता येते. काँक्रीट फोडायला दुसरी निविदा लागते.

२४ जानेवारी

ग्रामसभेला द्यायचं निवेदन लिहून झालं. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिते, त्यात "उपरोक्त विषयास अनुसरून" लिहायला हात सरावलेला आहे. इथं तो आवरला. मुद्दे माणसांच्याच शब्दांत ठेवले. ट्रॉल्यांसाठी हंगामातला वेगळा मार्ग. स्टँडच्या तोंडापासून हलवून वडापांना आखून दिलेली जागा. औषध दुकानांसमोर रस्ता ओलांडायला दुभाजकात फट आणि दोन्ही बाजूंनी गतिरोधक. बायकांसाठी स्वच्छतागृह, पाणी आणि रात्री दिवा यांसह, आणि ते साफ ठेवणाऱ्याचा पगार आधी धरून. कडुलिंबाची झाडं. विक्रेत्यांना गटार झाकून केलेल्या पट्टीत आखलेली जागा. आणि कुठलंही पक्कं काम करायच्या आधी फक्कीचा एक दिवस.

सह्यांचे कागद दोन केले. एक गावच्या मतदारांचा. दुसऱ्यावर तीन रकाने: नाव, गाव, टेंभुर्णीला कशासाठी येता. दुसऱ्या कागदाला कायद्यानं किती वजन आहे, असं एका वकिलांनी विचारलं. ग्रामसभेत त्याला मत नाही, हे मान्य आहे. पण ऐकायला कायद्याची बंदी नाही. तिसरा रकाना भरत चाललाय: दवाखाना, बँक, ड्युटी, कॉलेज, भाजी विकायला, लेकीला भेटायला.

२५ जानेवारी

शेजारचे हार्डवेअरवाले अण्णा सही करायला तयार नव्हते. सिमेंटची, पत्र्याची गाडी दुकानासमोर लावता आली नाही तर माल उतरवायचा कसा? त्यांचं म्हणणं रास्त आहे. चालायची पट्टी आखताना माल उतरवायची वेळ कुणीच धरलेली नव्हती, मीही नाही. सकाळी नऊच्या आत आणि रात्री आठनंतर गाडी लावायची मुभा, असा मुद्दा घातला. त्यांना तेवढ्यानं समाधान नाही. दुपारी अचानक गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येतं, त्याला काय सांगायचं?

म्हटलं, अण्णा, मग तुमची हरकत तशीच निवेदनात लिहिते. विरोध आहे असं लिहिते आणि त्याखाली तुम्ही सही करा. ग्रामसभेला दोन्ही कळू द्या.

ते खुर्ची ओढून बसले. मी टाइप करायला लागले: रस्त्यालगतची वाहने उभी करण्याची जागा कमी झाल्यास व्यापाऱ्यांची गैरसोय होईल.

अण्णांनी चष्मा लावून पडद्यावर वाचलं. "गैरसोय काय लिहितेस पोरी," म्हणाले, "धंदा बसेल असं लिही. आणि माझ्याकडं पाच गडी कामाला आहेत, तेपण लिही."

लिहिलं. मग त्यांनी पेन मागितलं.